मदत हवी आहे: टेनिसमध्ये दोन पॉइंटच्या मधे वेळ काढणं हा रडीचा डाव म्हणायचा का?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात क्रीडाशिक्षक आहे. शाळेमागे मुरूम टाकून, रोलर फिरवून आम्ही टेनिसचं एक कोर्ट केलंय. जाळी व्हॉलिबॉलचीच, खाली ओढून बांधलेली. तिथंच तयार झालेली नववीतली एक मुलगी यंदा विभागीय शालेय स्पर्धेपर्यंत पोचली. तिला पुढं काय शिकवावं, यावर अडलोय.

पोरगी भराभर खेळते. पॉइंट संपला की बॉल उचलला, दोन टप्पे दिले, सर्व्हिस. विभागीयला समोरची मुलगी अगदी उलट. आमची सर्व्हिसला उभी राहिली की ती पाठ फिरवून पार मागच्या कुंपणापर्यंत जायची. बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायची. रॅकेटची मूठ पुसायची, आणि आमची बॉल वर फेकायच्या बेतात असली की नेमका हात वर करून थांबवायची. खुर्चीवर पंच नव्हते. दोन-तीन कोर्टं मिळून एकच जण बघत होते. आमचीची लय गेली, डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट जाणं) सुरू झाले, हातातला सेट गेला आणि मग सामनाही.

परत आल्यावर मी तिला म्हटलं, तूही वेळ घ्यायला शीक, नियमानं २५ सेकंद मिळतात. ते तिच्या आबाजींच्या कानावर गेलं. आबाजी पंचक्रोशीतले जुने कबड्डीपटू. कापसाची वेचणी सोडून दुसऱ्या दिवशी शाळेत आले अन् म्हणाले, "सर, पोरगी हरली तरी चालते, पण तिले रडीचा डाव नका शिकवू." मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही.

मोठ्या स्पर्धांचं मला माहीत आहे ते असं. पूर्वी ग्रँड स्लॅमला २० सेकंद आणि एटीपीच्या (व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या) स्पर्धांत २५ सेकंद अशी मर्यादा होती, पण ती पाळायला लावणं पंचांच्या मर्जीवर. २०१२ ची ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल जोकोविच आणि नदाल ५ तास ५३ मिनिटं खेळले. एकाचं बॉल आपटणं संपायचं नाही, दुसऱ्याचं केस, नाक, बाही सारखी करणं. शेवटी २०१८ च्या यूएस ओपनला मुख्य फेरीत २५ सेकंदांचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं लावलं. नदालनं त्याला उघड विरोध केला होता. तेव्हाही घड्याळ सुरू व्हायचं ते पंचांनी स्कोअर पुकारल्यावर. मोठ्या रॅलीनंतर टाळ्या थांबेपर्यंत स्कोअरच पुकारला नाही, की तेवढा वेळ फुकटात.

माझं म्हणणं एवढंच, की ऑक्टोबरच्या उन्हात दमलेल्या पोरीनं श्वास घ्यायला थांबणं यात काही गैर नाही. समोरच्याची लय मोडायला थांबणं ही मात्र मला चोरीच वाटते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पंचाईत तिथं आहे.

तर जाणकारांनी सांगावं. खुर्चीवर पंच नसताना मुलीनं नेमकं काय करायचं? आणि तिला पूर्ण २५ सेकंद घ्यायला शिकवलं तर ते अप्रामाणिकपणाचं होईल का?

प्रतिसाद (अमरावतीहून)

सर, मी शालेय स्पर्धांना पंच म्हणून जातो. मुलीवर अन्याय झाला हे नक्की, पण मुद्दा हळू खेळण्याचा नाही. सर्व्हिस करणारा वाजवी गतीनं खेळत असेल, तर रिसीव्हरनं त्या गतीनंच खेळायचं असतं, असा नियमच आहे. व्यावसायिक टेनिसमध्ये उशीर केला तर दोघांनाही पहिल्यांदा ताकीद मिळते. पुढच्या वेळी सर्व्हिस करणाऱ्याची ती एक सर्व्हिस जाते, रिसीव्हरचा मात्र अख्खा पॉइंट जातो. यावरून काय ते समजा.

पंच नसतील तर खेळ थांबवायचा, रेफरींना बोलवायचं आणि कोर्टाशेजारी उभं राहायची विनंती करायची. समोरच्या मुलीशी एक शब्दही बोलायचा नाही. आणि तिचा हात वर असताना सर्व्हिस मारायची नाही. ती तयार नव्हती म्हणून लेट मिळेल, म्हणजे सर्व्हिस पुन्हा करावी लागेल, पॉइंट मिळणार नाही, वर आपलाच खांदा दुखेल. पहिली सर्व्हिस चुकली तर दुसरीला २५ सेकंद नसतात, ती लगेच करायची. हेही मुलींना कोणी सांगत नाही.

प्रतिसाद (पुसदहून)

आबाजींले माझा नमस्कार सांगा सर. पन त्यायले एक इचारा. कबड्डीच्या मॅचमधी पुढं असलेली टीम काय करते? गडी जाते, निदान रेषा (रेडमधी एकदा तरी ओलांडाच लागते ती) ओलांडते, ३० सेकंदाची रेड खाते अन् वापस येते. त्याले आपन चोर म्हनत नाई, हुशार म्हनतो. लयच व्हाले लागलं म्हनून तं दोन रेड खाली गेल्या की तिसरी रेड 'करो या मरो' केली, पॉइंट नाई आनला तं गडी बाद. गडी तेच रायले, नियम बदलला.

दुसरं म्हंजे आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ ले बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकली. तिथं ज्यानं वेळ खाल्ला त्याच्याच घड्याळातून कमी होते. टेनिसमधी दोघायचा वेळ एकच, म्हनून भांडन होते. सर्व्हिसवाला थांबला तं समोरच्यालेही दम घ्याले भेटते, त्यात कोनाचं काय गेलं? रिसीव्हरनं अडवलं तं एकट्या सर्व्हिसवाल्याचं जाते. माह्या मतानं फरक एवढाच हाय.

प्रतिसाद (नागपूरहून)

सर, मी विद्यापीठाकडून खेळलेली आहे. २५ सेकंद घ्यायला शिकवाच, फक्त त्यात काय करायचं तेही शिकवा. जाळीकडं पाठ करायची, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करायच्या, दोन खोल श्वास, सर्व्हिस कुठं टाकायची ते ठरवायचं, मग रेषेवर यायचं. आघाडीवर असो की पिछाडीवर, दर वेळी हेच आणि एवढंच. कोणी हात वर करून अडवलं तर रेषेवरून मागं सरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मग अडवणाऱ्यालाच कंटाळा येतो.

उन्हासाठी कोर्टाची बाजू बदलताना ९० सेकंद आणि सेट संपल्यावर १२० सेकंद असतातच. तेव्हा बसायचं, पाणी प्यायचं, ओला नॅपकिन मानेवर ठेवायचा. सेटमधल्या पहिल्या गेमनंतर तेवढं बसता येत नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. सर्व्हिस आणि रिसीव्ह यांतला फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. आबाजींना निदान रेषेचं विचारलं. ते आधी गप्प राहिले, मग म्हणाले, "रेड ३० सेकंदांतच असते ना, त्याच्या भाईर तं नाई जात." म्हणजे २५ च्या आत त्यांची हरकत नाही, असं मी धरून चाललोय.

उद्यापासून मोबाईलवर २५ सेकंद लावून सराव घेतो. एक मुलगी मुद्दाम अडवेल, दुसरी मागं सरून पुन्हा सुरुवात करेल. अमरावतीच्या सरांना अजून एक विचारायचं होतं. रेफरी दुसऱ्या कोर्टावर अडकलेले असतील, तर ते येईपर्यंत खेळ थांबवून ठेवता येतो का? की तेव्हा उशीर आमच्याच मुलीच्या नावावर लागेल?