पॅनोरमा एक्सपोर्ट करताना ८ बिट की १६ बिट?

प्रश्न
सूर्यास्तानंतरच्या आकाशाचे रॉ (कॅमेऱ्यातून आलेले, प्रक्रिया न केलेले) फोटो जोडून १२००० बाय ८००० पिक्सेलचा पॅनोरमा केलाय. कॉम्प्रेशनशिवाय टिफ (फोटो साठवायचा एक फॉरमॅट) काढली तर ८ बिटला (प्रत्येक रंगाच्या २५६ छटा) २८८ एमबी होते, १६ बिटला (त्याहून कितीतरी बारीक छटा) सरळ ५७६. शंभर टक्के झूमवर दोन्हींत मला काडीचा फरक दिसत नाही. पण ८ बिटच्या फाइलवर कर्व्ह्ज (उजेड आणि काँट्रास्ट बदलणारी वक्ररेषा) ओढले की आकाशात पट्टे उमटतात. तीच फाइल १६ बिट मोडमध्ये नेली तर जातील का?

प्रतिसाद १
नाही जाणार. गेलेल्या छटा मोड बदलून परत येत नाहीत. रॉमधून नव्याने काढा.

प्रतिसाद २
मी छपाईसाठी रिटचिंग करते, त्यामुळे आकाश हा रोजचाच छळ.

आयड्रॉपर (पिक्सेलच्या रंगाचे आकडे दाखवणारं साधन) घेऊन बघा. समजा, आकाशाच्या ३००० पिक्सेल रुंद भागात निळ्या चॅनेलची किंमत ६० वरून ७५ वर जाते. म्हणजे ८ बिटमध्ये १५ पायऱ्या, एकेक पायरी २०० पिक्सेलची. कर्व्ह्जने काँट्रास्ट वाढवला की पायऱ्यांची उंची वाढते आणि डोळ्याला पट्टा दिसतो. १६ बिटमध्ये त्याच अंतरात साधारण ३८४० पायऱ्या मावतात, म्हणजे पिक्सेलपेक्षाही बारीक. (फोटोशॉप १६ बिट म्हणत असलं तरी आत ० ते ३२७६८ एवढंच मोजतं. त्याने इथे काही बिघडत नाही.)

तरीही बहुतेक फोटो ८ बिटमध्ये निभावून जातात, ते नॉइजच्या कृपेने. सेन्सरचा बारीक नॉइज (दाणेदारपणा) पायऱ्यांच्या कडा विस्कटून टाकतो. तुम्ही डीनॉइज (नॉइज पुसणारं साधन) जोरात चालवलं असणार, असा माझा संशय आहे. गुळगुळीत केलेलं आकाशच आधी फाटतं.

म्हणून मास्टर १६ बिट टिफ, त्यावर पुढे काम करायचंय म्हणून. जी फाइल आता कुणी उघडून फक्त बघणार, तिला ८ बिट पुरे. जेपेगमध्ये तर तेवढंच मिळतं. फक्त ८ बिटवर उतरण्याआधी, १६ बिटमध्ये असतानाच, आकाशावर जरासं ग्रेन (कृत्रिम दाणे) टाका.

कलर स्पेस (फाइलमध्ये मावणाऱ्या रंगांचा पट्टा) कोणती ठेवलीय? प्रोफोटो असेल तर ८ बिटचं नावच काढू नका. तेवढ्याच २५६ पायऱ्या फार मोठ्या रंगपट्ट्यावर ताणल्या जातात.

प्रश्नकर्ता
डीनॉइज केलंय खरं, आणि बऱ्यापैकी. कलर स्पेस प्रोफोटोच आहे. १६ बिटची टिफ एलझेडडब्ल्यूने (फाइल लहान करायची एक कॉम्प्रेशन पद्धत) दाबून बघितली, तर फाइल उलट फुगली!

प्रतिसाद ३
१६ बिटला एलझेडडब्ल्यू वापरूच नका. खालच्या बिट्समध्ये निव्वळ नॉइज असतो, त्यात त्याला पुन्हा पुन्हा येणारं काही सापडत नाही. त्याऐवजी झिप कॉम्प्रेशन निवडा, थोडी तरी जागा वाचेल. आणि लेयर्ससकट साठवत असाल तर टिफची ४ जीबीची मर्यादा लक्षात असू द्या, त्यापुढे पीएसबी (फोटोशॉपचा मोठ्या फाइलींचा फॉरमॅट).

प्रतिसाद २
अजून एक, १६ बिट फाइलमध्येही पट्टे दिसले तर लगेच फाइलला दोष देऊ नका. झूम कमी-जास्त करा. पट्टे फोटोबरोबर न हलता जागा बदलत राहिले, तर ते मॉनिटरचे किंवा प्रीव्ह्यूचे.