ड्रिल लावलं की ईएलसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो, ग्राइंडरला झिणझिण्या येतात. काय करावं?

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी कृपया सांगा.

घर गुहागर तालुक्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. बाबा निवृत्त झाल्यापासून सुतारकाम, गेटची डागडुजी सगळं स्वतःच करतात. मी ठाण्यात, म्हणजे माझी देखरेख फोनवरून. जुनं तीन पिनांचं ड्रिल आहे आणि दोन पिनांचा चार इंची ग्राइंडर. दोन्ही पडवीतल्या फडताळात, गोणपाटात गुंडाळून ठेवलेले असतात.

उन्हाळाभर काही तक्रार नसते. मिरगानंतर झड लागली की सुरू. ड्रिलचं बटण दाबलं रे दाबलं की घरचा ईएलसीबी खाली. ग्राइंडरने तो पडत नाही, पण पुढच्या धातूच्या भागाला हात लागला की झिणझिण्या येतात. चप्पल घातली की कमी होतात म्हणे.

वायरमन म्हणतो, "पावसात ईएलसीबी असाच त्रास देतो, पडवीचा बोर्ड डायरेक्ट करून देतो, म्हणजे ईएलसीबीला वगळून." बाबांना ते पटलंय, कारण गणपती तोंडावर आलेत, माटवीची (गणपतीवर टांगायच्या मांडवीची) चौकट बाकी आहे आणि गेटचा गंज काढायचाय. त्यांना नुसतं "नको" म्हणून चालत नाही, कारण द्यावं लागतं. ते कारण मला हवंय. शिवाय ग्राइंडरचा गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण) त्यांनी काढून ठेवलाय. "काम दिसत नाही" म्हणतात.

कातळवासी (रत्नागिरी)
वायरिंगचं काम करतो म्हणून लिहितो. डायरेक्ट अजिबात करू नका. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, की ईएलसीबी पडतो. त्यावर ३० एमए (मिलीअँपिअर) लिहिलंय का बघा, माणसाच्या जिवासाठी तोच लागतो. एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्टला पडणारा स्विच) अशा गळतीला पडत नाही, त्याला अँपिअरमध्ये करंट लागतो.

ड्रिलला तिसरी पिन आहे, म्हणून गळती अर्थिंगमधून जाते आणि ईएलसीबी पडतो. ग्राइंडरला अर्थिंग नाही, म्हणून गळतीला वाट मिळते ती बाबांच्या अंगातून. चपलेने झिणझिण्या कमी होतात त्या याचसाठी. म्हणजे बाबा ज्याला बरा समजतायत तो ग्राइंडर जास्त धोक्याचा आहे. तो आजपासून बंद.

आत होतं काय, तर मोटरचे कार्बन (ब्रश) झिजून त्याची काळी पूड साचते. ती करंट वाहते. त्यात खारी हवा, मीठ ओल धरून ठेवतं. पिन काढून मशीन उघडा, कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने पूड काढा, कार्बन आखूड झाले असतील तर जोडीने बदला. मग लाकडी पेटीत साठ वॅटचा पिवळा बल्ब लावून दिवसभर सुकवा. बल्ब मशीनला टेकू देऊ नका आणि पेटीजवळ कोणीतरी असू द्या. त्यानंतर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून मेगर (इन्सुलेशनची तपासणी) करून घ्या, ५०० व्होल्टवर. आकडा कमी आला तर आर्मेचर किंवा फिल्ड (मोटरची फिरती किंवा स्थिर गुंडाळी) गेलं समजा.

त्याआधी एक्स्टेंशन बोर्ड बदलून बघा. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

हापूसची सावली (देवगड)
गोणपाट आधी फेका, ते ओल पितं. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, आत सिलिकाच्या पुड्या टाका, ड्रिलच्या चकला (बिट पकडणाऱ्या भागाला) तेलाचं बोट फिरवा.

गार्डबद्दल: चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. डिस्क फुटली तर तुकडा कुठे जाईल ते गार्ड ठरवतो, नाहीतर तो तोंडावर येतो. कटिंग डिस्कच्या मधल्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती बघा. ओलीत राहिलेली डिस्क मुदतीतली असली तरी वापरू नये. काम दिसत नसेल तर गार्ड फिरवून घ्यावा, काढू नये. आणि लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला कोणी लावून देत असेल तर त्याला घरात घेऊ नका.

धागाकर्ता
दोघांचे आभार. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. चपलेचं वाक्य ऐकून ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ग्राइंडर ठेवला बाजूला." एक्स्टेंशन बोर्ड उघडला तर पितळी पट्ट्यांवर हिरवट चिकट थर आणि मुंग्यांची माती. नवीन बोर्डावर ड्रिल लावलं तरी ईएलसीबी पडतोच, म्हणजे दोष ड्रिलमध्येही आहे. ते आता बल्बखाली आहे. चिपळूण किंवा शृंगारतळीत मेगर करून देणारा कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गणपतीआधी जमलं तर बरं, नाहीतर माटवीची भोकं हाताच्या गिरमिटाने पाडायची त्यांची तयारी आहे.