जुना बॉयलर: दुरुस्त करायचा की बदलायचा? आपापले अनुभव लिहा

आमच्या घरातला पाणी तापवायचा विजेचा बॉयलर, म्हणजे साठवणीचा गीझर, यंदा बारा वर्षांचा झाला. गेल्या दोन वर्षांत दोनदा कॉइल बदलली, एकदा थर्मोस्टॅट. आता तळाशी ओल दिसते आहे. मिस्त्री म्हणतात, "एकदा उघडून बघू." घरातले म्हणतात, "अजून किती वेळा उघडणार?" सासूबाईंचा संधिवात आहे, सकाळी गरम पाण्याशिवाय त्यांची बोटं वळत नाहीत, म्हणून निर्णय लांबवता येत नाही. तुमच्याकडे नेमकं काय बिघडलं, काय ठरवलंत आणि आज त्याबद्दल काय वाटतं ते मोकळेपणी लिहा. गॅसवरच्या बॉयलरवाल्यांनीही लिहा.

* * *

ताई, वय नंतर बघा, आधी काय बिघडलंय ते बघा. कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, सेफ्टी व्हॉल्व्ह, गॅस्केट हे सगळे बदलायचेच भाग. टाकी मात्र आतून गंजून फुटली की तिथे दुरुस्ती संपते. आतल्या काचेच्या मुलाम्याला घरी कोणी ठिगळ लावू शकत नाही.

आमचा चौदा वर्षं झाली तरी चालू आहे. सहाव्या वर्षी पाणी तापताना आतून तडतड आवाज यायला लागला. उघडला तर कॉइलवर खडूसारखा पांढरा थर, बोटाएवढा जाड, आणि तळाशी दोन ओंजळी गाळ. आमचं पाणी जड आहे. पाणी तापलं की त्यातला चुना विरघळलेला राहत नाही, सर्वांत गरम जागी म्हणजे कॉइलवरच बसतो. या थरामुळे वीज फार वाया जाते असं सगळे सांगतात, पण कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे उष्णता शेवटी पाण्यालाच मिळते. खरं नुकसान कॉइलचं होतं. थराखाली ती प्रमाणाबाहेर तापते आणि जळते. तुमच्या दोन कॉइल दोन वर्षांत गेल्या त्या बहुधा याचमुळे.

त्याच दिवशी मिस्त्रींनी मॅग्नेशियमचा रॉड काढून दाखवला. पेन्सिलीच्या शिशासारखी नुसती तार उरली होती. हा रॉड टाकीच्या वाटचं गंजणं स्वतःवर घेतो. तो संपला की गंज टाकीकडे वळतो. तेव्हापासून दर वर्षी गाळ काढतो, रॉड बघतो, तार दिसू लागली की बदलतो. टाकी अजून कोरडी आहे ती याच सवयीमुळे, असं मला मनापासून वाटतं.

* * *

आमच्याकडे गीझर लावला की ईएलसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, पडायचा. एका वायरमनने सांगितलं, "गीझरची लाइन ईएलसीबीच्या बाहेरून घेतो, मग पडणार नाही." आईने त्याला तिथेच थांबवलं, त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. कॉइलचं आवरण चिरलेलं निघालं, करंट पाण्यातून अर्थिंगकडे जात होता. ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारं ते यंत्र बरोबरच वागत होतं. कॉइल बदलली, काम झालं. गीझर नवीन घ्यायची गरजच नव्हती.

* * *

आमचा गॅसचा, रेडिएटरवाला. दाब थंड असताना १ ते १.५ बार हवा, आमचा दोन दिवसांत शून्यावर यायचा. तापला की ३ बारकडे धावायचा आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर. पहिल्या तंत्रज्ञाने दहा मिनिटांत "बदला" सांगून टाकलं. दुसऱ्या तंत्रज्ञ बाईंनी प्रसरण टाकीच्या, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीच्या, हवेच्या तोंडावर नुसती पिन दाबली. हवेऐवजी पाणी आलं. आतला रबरी पडदा फाटला होता. तेवढी टाकी बदलली आणि बॉयलर पुढे पाच हिवाळे चालला. दुसऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका, एवढीच माझी विनंती.

नंतर तो बदललाच, कारण नव्या कंडेन्सिंग बॉयलरमध्ये धुरातल्या वाफेची उष्णताही परत मिळते. पण पहिल्या हिवाळ्यात गॅस फारसा कमी लागला नाही. रेडिएटरकडून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली आलं तरच वाफेचं पाणी होतं. आम्ही जुन्या सवयीने बॉयलर ८० अंशांवर ठेवून बसलो होतो. तापमान उतरवल्यावर फरक कळला.

* * *

हे लिहिताना अजून हात थरथरतो. जुना गॅस बॉयलर, ज्योत निळीऐवजी पिवळी, झाकणावर काजळी. घरात सगळ्यांचं डोकं दुखायचं, बाहेर पडलं की बरं वाटायचं. आम्ही हवामानाला दोष देत राहिलो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. तपासणीत उष्णता विनिमयकाला, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाला, तडा निघाला. त्या दिवशी दुरुस्तीची चर्चाच केली नाही. अशी लक्षणं दिसली तर बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि मगच फोन करा. नव्या बॉयलरसोबत मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय.

* * *

माझा अनुभव उशीर केल्याचा आहे. एका वर्षात तीनदा दुरुस्ती, शेवटी इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला आणि त्या मॉडेलचा बोर्ड मिळेना. ऐन थंडीत, घरात तान्हं बाळ, म्हणून समोर दिसला तो घेतला. तो गरजेपेक्षा मोठा निघाला, कारण जुना सहा माणसांचा होता आणि आता आम्ही तीनच आहोत. २५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण एक युनिट लागतं, २ किलोवॉटच्या कॉइलला अर्धा तास. हा हिशेब तेव्हा शांतपणे केला असता तर लहानच घेतला असता. सुटे भाग मिळतात का, हे गीझर चालू असतानाच विचारून ठेवा.

* * *

ताई, ओल आहे म्हणजे टाकीच गळते असं धरू नका. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की जवळजवळ ४०० मिलिलिटर फुगतं. ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकलं तर तो बिघाड नाही, व्हॉल्व्हचं तोंड मात्र कधी बंद करू नका. वीज बंद करून सगळं कोरडं पुसा आणि व्हॉल्व्ह, कॉइलची फ्लँज (जिच्यावर कॉइल बसते ती चकती) आणि टाकीचा जोड, तिन्हीकडे टिश्यू पेपर चिकटवा. कुठला भिजतो ते सकाळी कळेल.

* * *

सगळ्यांचे आभार. काल रात्री तसंच केलं. सकाळी व्हॉल्व्हचा कागद कोरडा, फ्लँजचा कोरडा, जोडाखालचा चिंब आणि त्यावर तांबूस कडं. मिस्त्रींनी रॉड काढला, तारसुद्धा अर्धीच उरली होती. बारा वर्षांत तो कोणी बघितलाच नव्हता. नवीन गीझर गुरुवारी लागतोय. तोवर सासूबाईंसाठी गॅसवर पातेलं ठेवतोय. रॉड पुन्हा कधी बघायचा ती तारीख गीझरशेजारच्या भिंतीवर आत्ताच लिहून ठेवली आहे.