मदत हवी आहे: आईचे पुढचे दात हलताहेत, पण हिरड्यांतून रक्त येत नाही

कृष्णाकाठची:

आईचं वय ५९. ती गावी, वाळवा तालुक्यात असते, मी पुण्यात. खालचे पुढचे दात बोट लावलं की हलतात. वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये फट पडली आहे. जुन्या फोटोंत ती अजिबात नाही, म्हणजे नंतरच पडलेली. दातांची मुळं उघडी पडल्यामुळे दात लांब दिसतात. तोंडाला वास येतो. भाकरी हल्ली दुधात कुस्करून खाते आणि पेरूला हातच लावत नाही.

डायबेटिस बरीच वर्षं आहे, गोळ्या चालू आहेत. बीपीसाठी अॅम्लोडिपिन. आणि मुख्य म्हणजे मिश्री, भाजलेल्या तंबाखूची पूड. लग्न होऊन आली तेव्हापासून लावते. सकाळी तर हवीच, शिवाय दुपारी जेवल्यावर आणि रात्री भांडी झाल्यावर. "मिश्री लावल्याबिगर पोट साफ हुत न्हाई" हे ठरलेलं उत्तर.

तालुक्याच्या गावी एका डेंटिस्टना दाखवलं. त्यांनी आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की हा पायोरिया (हिरड्यांचा आजार) आहे, सगळे दात काढून कवळी बसवा. एक्स-रे काढला नाही. इथे पुण्यात ओळखीच्या डॉक्टरांना फोटो दाखवले, तर ते म्हणाले की बहुतेक फ्लॅपचं ऑपरेशन लागेल. आईचं तिसरंच: "रगात न्हाई, ठणका न्हाई, मग रोग कसला गं?"

मलाही तिथेच अडायला होतं. हिरड्यांचा आजार म्हणजे ब्रश करताना रक्त येणार, असंच ऐकत आलोय. इथे रक्ताचा थेंब नाही. मग हा तोच आजार आहे का? दात वाचण्यासारखे आहेत की नाहीत, हे कशावरून ठरवतात? फ्लॅप म्हणजे नक्की काय करतात, आणि शुगर असताना ते करावं का? कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा. डॉक्टरकडे न्यायचंच आहे, पण जाताना काय विचारायचं ते माहीत असलेलं बरं.

---

सदाफुली:

माझ्या सासूबाईंचं असंच होतं, फक्त मिश्री नव्हती. आधी साधी सफाई केली, मग भूल देऊन आतली. एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: सफाईनंतर आईंना दात जास्त हलल्यासारखे वाटतील, फटी मोठ्या दिसतील, गार पाणी झोंबेल. सासूबाई दोन आठवडे आमच्याशी बोलत नव्हत्या, "चांगले दात खिळखिळे करून आणले" म्हणून. नंतर हिरडी आवळली तशा त्या स्वतःच भाकरी मोडून खायला लागल्या. झोंबण्यासाठी सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट दिली होती, तिचा उपयोग झाला.

---

रानवाट:

तुरटीच्या पाण्याने गुळण्या, लवंगेचं तेल आणि हळद-मीठ-मोहरीच्या तेलाने हिरड्यांना मसाज. आमच्याकडे तीन पिढ्या हेच करतात. दात काढायची घाई करू नका.

---

चहाबाज:

दात काढायची घाई नको, हे पटलं. पण सफाईचंही बघून करा. सफाई केली की दात सैल होतात, मग परत त्यांच्याकडेच जायचं. धंदा आहे सगळा. वर सदाफुली यांनीही तेच लिहिलंय की.

---

दंतकथा:

हिरड्यांवरच काम करतो (एमडीएस, पेरिओ). न बघता निदान करत नाही, पण तुमच्या वर्णनातल्या बऱ्याच गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवताहेत.

आधी रक्ताचं. दातांवर जंतूंचा चिकट थर रोज बसतो. तो निघाला नाही की काही दिवसांत लाळेतल्या क्षारांनी घट्ट होतो. तेच किटण. त्याच्यामुळे हिरडी सुजते आणि ब्रश लागला की रक्त येतं. इथवर सगळं परत फिरवता येतं. दात नीट साफ झाले आणि तसे ठेवले, तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष झालं तर काही लोकांत सूज खाली उतरते, हिरडी दातापासून सुटते, खिसा तयार होतो आणि आतलं हाड झिजायला लागतं. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. आणि हे सगळं बहुतेक वेळा न दुखता चालतं, म्हणून आईंना ठणका नाही यात नवल नाही.

तंबाखूमुळे हे चित्र फसवं होतं. निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. सिगारेट ओढणाऱ्यांत तर हे नेहमी दिसतं: आत हाड गेलेलं, वरून हिरडी फिकट आणि कोरडी ठाक. मिश्री रोज घासली जाते तिथे हिरडी जाड, राठ होते, खाली सरकते आणि दाताची मानही झिजते. त्यामुळे मिश्री लावणाऱ्या माणसाला रक्त येत नाही, याला मी तरी चांगलं लक्षण म्हणणार नाही. उलट मिश्री सोडल्यावर काही जणांना पहिल्यांदाच रक्त दिसतं आणि ते घाबरून परत डबीकडे वळतात. आईंना हे आधीच सांगा.

दात हलणं, लांब दिसणं, वास आणि मोठेपणी नव्याने पडलेली फट हे सगळं हाड झिजल्यावर दिसतं. शुगर वर राहिली तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांत सूज राहिली तर शुगर आटोक्यात यायला त्रास होतो. दोन्हीकडून चालतं हे. हिरड्यांचे उपचार झाल्यावर तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा (एचबीएवनसी) थोडा उतरतो, साधारण अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर. गोळ्यांची जागा त्याने भरत नाही, पण फुकटचा फायदा आहे.

आता दात वाचतील का, ते. आरसा घालून हे ठरत नाही. बारीक खुणा केलेली एक बोथट सळई असते, प्रोब. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी ती हिरडीत हलकेच घालून खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक. ४ पासून पुढे खिसा. ६ किंवा जास्त म्हणजे खोल. जोडीला एक्स-रे: पूर्ण जबड्याचा ओपीजी, आणि शंका असलेल्या दातांचे छोटे वेगळे. दात फक्त पुढे-मागे हलतो की दाबल्यावर खालीही जातो, हेही बघतात. खाली दबणारा दात सहसा वाचत नाही. पण तो एक दात. त्याच्यासाठी अख्खी बत्तीशी काढायचं कारण नाही.

---

कृष्णाकाठची:

दंतकथा, खूप आभार. आत्ताच व्हिडिओ कॉलवर आईला हलकेच दाबून बघायला लावलं. खाली दबत नाहीत म्हणते, फक्त डुगडुगतात. पण वरच्या दातांच्या मधली हिरडी फुगीर दिसते, गोळ्यासारखी. खाली हिरडी सरकलेली आणि वर फुगलेली, असं कसं? आणि फ्लॅपचं राहिलं.

---

दंतकथा:

फुगीर हिरडीसाठी गोळ्यांकडे बघा. अॅम्लोडिपिन आणि त्याच गटातल्या निफेडिपिनने काही लोकांची हिरडी वाढते, बहुधा पुढच्या दातांच्या मधोमध. फिटच्या फेनिटॉइनने आणि किडनी बदललेल्यांना देतात त्या सायक्लोस्पोरिननेही होते. किटण असेल तर जास्तच. गोळी मनाने बंद करायची नाही, हे मोठ्या अक्षरात लिहितोय असं समजा. डेंटिस्टने तसं लिहून दिलं तर फिजिशियन दुसऱ्या गटातली गोळी देऊ शकतात.

फ्लॅप ही पहिली पायरी नाही. आधी वरचं किटण काढायचं, मग भूल देऊन हिरडीखालच्या मुळांवरचं. तोंडाचे भाग पाडून दोन-चार बैठकींत होतं. दीड-दोन महिन्यांनी, कधी तीन महिन्यांनी, परत मोजायचं. पुष्कळ खिसे एवढ्यानेच कमी होतात. जे खोल राहतात तिथे हिरडी थोडी उघडून, डोळ्यांना दिसेल असं मूळ साफ करायचं आणि टाके घालायचे, तो फ्लॅप. म्हणजे न मोजता, फोटोवरून फ्लॅप सांगणं घाईचंच. शुगर आटोक्यात असेल तर करता येतो. मिश्री चालू असेल तर मी स्वतः पुढे ढकलतो, जखम नीट भरत नाही. खालचे डुगडुगणारे दात आतल्या बाजूने बारीक तारेने किंवा फायबरने एकमेकांना बांधता येतात, चावायला आधार मिळतो.

चहाबाज, बाभळीचं खोड वाळवीने पोखरलं आणि वरून मातीचं लिंपण असलं, तर लिंपण काढल्यावर ते डळमळतं. दोष काढणाऱ्याचा नाही. किटण कधीकधी दातांना एकत्र धरून ठेवतं, इतकंच. सदाफुलींच्या सासूबाईंना जे वाटलं ते खरं होतं, आणि सूज उतरल्यावर दात आवळले हेही खरं. धंदा करणारे आमच्यात आहेत, नाकारत नाही. म्हणून तर आकडे मागा म्हणतोय. "कोणत्या दाताला किती मिलिमीटर?" एवढं विचारलं की समोरचा मोजतो की नाही ते कळतं.

रानवाट, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांना माझी ना नाही, सुजेला बरं वाटतं. पण हिरडीखालचं किटण गुळण्यांनी निघत नाही. लवंगेचं तेल नुसतं लावलं तर हिरडी भाजते. मसाज तर आईंचा गेली कित्येक वर्षं चालूच आहे, तंबाखूने.

---

रानवाट:

मसाजचं मान्य. 😄 गुळण्या सोडणार नाही.

---

निवांत_पाटील:

मिश्रीबद्दल अनुभवाचं. आमच्या आत्तीनं सोडली. एकदम नाही सुटली. आधी दुपारची बंद केली, मग रात्रीची, सकाळची शेवटी. शौचाचा प्रश्न खराच येतो, चेष्टा करू नका. निकोटिनची सवय आतड्यांनाही असते. सकाळी कोमट पाणी आणि रात्री इसबगोल यावर काम झालं. तलफ आली की बडीशेप. सरकारची तंबाखू सोडण्याची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. मराठीत बोलता येतं का ते विचारून घ्या.

घरात मिश्री भाजणारं दुसरं कोणी असेल तर त्यांनाही यात घ्या. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास घरभर सुटतो, आणि सोडणाऱ्याचं अवघड होऊन बसतं.

---

दंतकथा:

निवांत_पाटील यांचं बरोबर आहे. एक भर: निकोटिनचे चघळायचे गम हलणाऱ्या दातांना जमत नाहीत. लागलंच तर गमऐवजी त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टी डॉक्टरांना विचारा. आणि तोंड उघडलंच आहे तर गालाच्या आतून, जिभेखाली, ओठाच्या आत नीट बघायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असलं तर हिरड्या नंतर, ते आधी.

---

कृष्णाकाठची:

चट्ट्याचं आजवर कोणीच पाहिलं नव्हतं, विचारते. आता कुठे न्यायचं? पुण्यात आणणं आईला नको आहे, म्हशी आहेत. गावाजवळ हिरड्यांचे वेगळे डॉक्टर मिळतील का?

---

सदाफुली:

कराड आणि सांगली दोन्ही तुम्हाला जवळच की. कराडला कृष्णाचं आणि सांगलीला भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे. कॉलेजात हिरड्यांचा विभाग वेगळा असतो. वेळ जास्त जातो, पण मोजमाप, नोंदी सगळं रीतसर होतं, कारण शिकणाऱ्यांना सरांना दाखवावं लागतं. खर्चही खाजगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.

---

दंतकथा:

चांगली सूचना. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत न्या, नावं सांगत बसू नका. रक्त पातळ करायची गोळी (अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल) चालू असेल तर आधी सांगा, पण स्वतःहून थांबवू नका. अलीकडचा एचबीएवनसी रिपोर्ट न्या, नसेल तर करून न्या. उपाशी नेऊ नका: नाश्ता आणि शुगरची गोळी नेहमीसारखी, मगच निघा.

घरी आजपासून मऊ ब्रश. हिरडी आणि दात मिळतात तिथे तिरका धरून, छोट्या हालचालींनी, दोन वेळा. फटी मोठ्या असल्याने दोऱ्यापेक्षा दातांच्या मधे घालायचा छोटा ब्रश सोपा जाईल, मेडिकलमध्ये मिळतो. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला तर ब्रशनंतर अर्ध्या तासाने वापरायचा, सांगतील तेवढेच दिवस. जास्त वापरला की दात तपकिरी दिसतात, जेवणाची चव बदलते आणि आई म्हणतील औषधानंच बिघडलं.

उपचार झाल्यावरही दर तीन महिन्यांनी दाखवायला लागेल. म्हशींची सोय त्या हिशेबाने लावा.

---

कृष्णाकाठची:

सोमवारी कराड. म्हशींची धार त्या दिवशी काकू काढणार आहेत. मोजमापाचे आकडे मिळाले की इथेच टाकते.