नुकरा की तट्टू? तुमचा आवडता घोडा कोणता आणि का?

भीमेकाठचा

दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाऊन आलो. घोडा घ्यायचा नव्हता, ऐपतही नाही. एकमुखी दत्ताचं दर्शन झालं आणि उरलेला दीड दिवस तापीकाठच्या घोडेबाजारात घालवला.

एका तंबूपुढे जत्रेतली जत्रा भरली होती. आत नुकरी घोडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नुकरा म्हणजे पांढराशुभ्र, कातडी गुलाबी, डोळे बहुधा घारे. हिचे ओठसुद्धा गुलाबी. आयाळीला तेल चोपडून बटा पाडलेल्या. एक गिऱ्हाईक तिच्या मानेवरचा केसांचा भोवरा बोटाने चाचपत होतं, दुसऱ्याने पट्टी लावून उंची मोजली. ‘पासष्ट इंच, लिहून घ्या,’ मालक म्हणाला. मग हलगी वाजली आणि घोडी नाचली. एवढ्या वेळात तिचा खूर उचलून कोणी बघितला नाही, आणि चार पावलं साधी चालवूनही बघितली नाही.

आता दुसरं चित्र. दिवाळीनंतर आमच्या शिवारात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा तांडा, उतरला होता. पहाटे निघाले तेव्हा मी बांधावर होतो. मातकट रंगाची एक बुटकी घोडी, माझ्या छातीला जेमतेम लागेल एवढी. पाठीवर घोंगड्या, पातेली, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि झोळीतून डोकं बाहेर काढलेलं कालपरवाचं कोकरू. लगाम कोणाच्याच हातात नाही. ओढा उतरताना बोजा एका अंगाला कलला, तशी ती आपली आपण थांबली. मागून बाई आली, दोर आवळला, पाठीवर थाप मारली आणि घोडी चालू लागली. तिचं शिंगरू मागे राहिलं होतं, ते धावत येऊन पोटाला चिकटलं.

ही भीमथडी, म्हणजे दख्खनी. राज्यगीतात जिची तट्टं आहेत तीच. अरबी-तुर्की घोडे आणि इथली गावठी तट्टं यांच्या मिश्रणातून भीमेच्या खोऱ्यात तयार झालेली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अगदी अलीकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आणि आपण? आपण ‘भाडोत्री तट्टू’ म्हणतो, शिवी म्हणून.

माझं म्हणणं सरळ आहे. घोड्याचं देखणेपण पायात आणि पोटात असतं, म्हणजे काय खाऊन किती चालतो यात. कान आणि उंची ही वरातीची मापं. पटत नसेल तर या मैदानात. तुमचा आवडता सांगा, पण नुसतं ‘सुंदर आहे’ म्हणून सुटू नका.

सोरठी_कान

आमचं घर तीन पिढ्या बडोद्याचं, तेव्हा काठेवाडीची बाजू मलाच घ्यावी लागणार. कान वरातीचं माप आहे हे ज्याने काठेवाडी घोड्यावर बसून काठेवाडीच्या कानांमधून रस्ता बघितलेला नाही त्याचं मत. या घोड्याने कान टवकारले की दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात आणि समोर एक कमान उभी राहते. घोड्याचं लक्ष कुठे आहे ते तुम्हाला त्या कमानीत दिसतं. डावा कान जरा कलला की समजायचं, डावीकडे काहीतरी आहे. मला एकदा तिथे नाग दिसला होता, घोड्यानंतर दोन सेकंदांनी.

शिवाय काठेवाडी हे काही लाडावलेलं जनावर नाही. रुंद कपाळ, चेहऱ्याला मधे किंचित खोलगट बाक, उंची बेताची आणि सौराष्ट्राच्या उन्हात थोड्या चाऱ्यावर दिवस काढणारा. गुजरात पोलिसांच्या घोडदळात तो आजही आहे. गायकवाडांच्या फौजा मुलूखगिरीला काठेवाडात जायच्या, त्यांना या घोड्याची किंमत चांगली कळत होती. म्हणजे तुमचे पाय, पोट सगळं आलं, वर कान फुकट. मग तक्रार कसली?

रवालप्रेमी

भीमेकाठचे दादा, लेख झकास, पण तुम्ही गरिबीचं कौतुक करताय.

मारवाडीची गोष्ट ऐका. राजपुतान्यातले संस्थानी तबेले मोडले, जहागिऱ्या गेल्या, तेव्हा या घोड्याला कोणी वाली उरला नव्हता. ओझी वाहायला नाहीतर खच्ची करायला निघाले होते लोक. त्याआधी १९३० च्या दशकात जोधपूरच्या महाराजा उमेदसिंहांनी चांगले घोडे निवडून पैदास सुरू केली होती, पुढे त्यांचे नातू गजसिंह यांनी ते काम उचललं. का उचललं? कारण तो घोडा त्यांना देखणा वाटत होता, आपला वाटत होता. त्याच्यासाठी पैसे मोजणारी माणसं होती म्हणून आज मारवाडी दिसतोय. तुमच्या भीमथडीला असा शौकीन भेटला नाही. शौक नसेल तर जात टिकत नाही, मग तिच्या पोटात आणि पायात काहीही असो.

आणि चालीबद्दल तुम्ही बोललाच नाहीत. रवाल चाल! दुडकीत माणूस खोगिरावर उडतो, मणके मोजून घेतो. रवालीत पाठ स्थिर राहते. आमच्याकडचे म्हातारे म्हणायचे, हातात पाण्याचा पेला धरून बसा, थेंब सांडणार नाही. मी करून बघितलं. सांडलं. पण अर्ध्या पेल्याहून कमी.

मोतद्दार

पेला कितीचा होता? 😄

कागदपत्रे

रंगाचा बेरंग करतो, माफी असावी.

‘भीमथडी’ हा शब्द आधी मुलखाचा आहे, भीमेच्या थडीचा. इंग्रजांच्या काळात पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता. त्या मुलखातलं तट्टू ते भीमथडीचं तट्टू, इतकाच त्याचा मूळ अर्थ. मराठी फौजेत एकच एक जात होती असं समजणं भाबडेपणाचं आहे. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा. ज्याची जशी ऐपत तसा घोडा. मोठ्या सरदाराला संधी मिळाली की तो समुद्रमार्गे आलेला अरबीच घेणार. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांतून घोड्यांचा व्यापार चालत होता तो काय हौस म्हणून? तट्टू चांगलं होतं हे खरं, पण ज्यांना परवडायचं ते त्याच्यावर बसत नव्हते.

१८१८ नंतर पागाच मोडल्या, मागणी संपली. जे उरलं ते धनगरांकडे उरलं, ओझ्यासाठी. आज नोंदवलेली जात आणि १७५८ साली अटकेला पोचलेला घोडा यांच्यात अखंड वंशावळ आहे असं कोणी सांगू लागलं तर मी आधी कागद मागेन.

भीमेकाठचा

@कागदपत्रे कागद तुम्ही मागणार हे नाव वाचूनच कळलं होतं. वंशावळ मीही सांगत नाही. पण शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव आजही आहे, तिथे पागा काय आंब्यांची असेल का? सरदार अरबीवर बसला असेल, मागच्या हजारो स्वारांचं काय? आणि पानिपतावर कोंडी झाली तेव्हा माणसांआधी घोडी उपाशी मेली. चाऱ्याविना फौज पांगळी होते हे आपल्याइतकं महागात कोणी शिकलं नसेल. म्हणून मी ‘पोट’ म्हणतो.

@रवालप्रेमी गरिबीचं कौतुक हा शब्द लागला. त्यावर विचार करून लिहितो.

खूर_आधी

मी पशुवैद्यक आहे, त्यामुळे माझं प्रेम जरा कोरडं वाटेल.

नुकऱ्याची गुलाबी कातडी दिसायला गोड, पण उन्हाने भाजते. नाकपुडीवर आणि डोळ्यांभोवती पहिल्यांदा. आणि आपण त्याला नेमका मे महिन्यात वरातीला उभा करतो, कानाशी बेंजो आणि फटाके.

दुसरं, वय. दोन वर्षांच्या शिंगराला नाचायला शिकवतात. त्या वयात गुडघ्याच्या हाडांची वाढ नीट बंदही झालेली नसते, पाठीच्या मणक्यांची तर पाच-सहा वर्षांपर्यंत चालते. मग सात वर्षांचा ‘जवान’ घोडा लंगडत माझ्याकडे येतो आणि मालक विचारतो, डॉक्टर, नजर लागली का? लगामाच्या कड्यांना आतून काटे असलेले मी माझ्या हाताने काढलेत. काटेरी लगामाला कायद्याने बंदी आहे, हे सांगितलं की लोक माझ्याकडेच संशयाने बघतात.

यात मारवाडीचा किंवा काठेवाडीचा काही दोष नाही. रवालप्रेमी म्हणतात ते खरं, शौकाने जात वाचली. पण तोच शौक उंचीच्या मागे लागला की पैदास कशासाठी होते? इंचांसाठी. पाय बारीक तो बारीक, वर धड वाढत चाललेलं. मला आवडणारा घोडा म्हणाल तर ज्याचे चारही खूर एकसारखे झिजलेत तो. जात विचारू नका.

डर्बीचा_रविवार

थरोब्रेडचं, म्हणजे शर्यतीच्या घोड्याचं, नाव कोणीच काढलं नाही म्हणून आलो. बाबांमुळे मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सला लहानपणापासून जातोय. पैज कधी लावली नाही (बाबांनी लावल्या, आईला विचारा). पहाटेच्या सरावाला कुंपणाशी उभं राहा, धुक्यातून आधी श्वास ऐकू येतो, मग टापा, मग घोडा. तो आवाज दुसऱ्या कुठल्या जनावराचा नाही.

जगातल्या सगळ्या थरोब्रेडांचा नरांकडून वंश तीनच घोड्यांपर्यंत जातो, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. शेकडो वर्षं फक्त एका गोष्टीसाठी निवड: वेग. उंची नाही, भोवरा नाही, कान नाही. घड्याळ खोटं बोलत नाही. भीमेकाठचे, तुमच्या कसोटीच्या सगळ्यात जवळ हाच येतो बघा.

खूर_आधी

@डर्बीचा_रविवार पायाच्या कसोटीवर? साहेब, अर्ध्या टनाचं धड त्या काड्यांवर! आणि पोटाचं म्हणाल तर घोड्याला उलटी करता येत नाही, चंदी जरा जास्त झाली की पोटशूळ. तट्टालाही होतो, पण बंद तबेल्यात डबाभर धान्यावर ठेवलेल्या रेसच्या घोड्याची ती रोजची टांगती तलवार. शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड पुढे रायडिंग क्लासात येतात. एक तर लोखंडी फाटक वाजलं की उधळायचा, आठ वर्षांनीही. पाठीवर दुसरीतली पोरगी.

डर्बीचा_रविवार

हे मात्र खरं. गप्प बसतो.

नेरळकर

माथेरानला आमच्या घरात चार घोडी. जात विचाराल तर सांगता येणार नाही, थोडं काठेवाडी, थोडं मारवाडी, थोडं देव जाणे. पर्यटक विचारतो, ‘व्हाईटवाला आहे का?’ फोटोसाठी. आम्ही घेताना बघतो ते एवढंच: लाल मातीच्या उतारावर पाय कसा टाकतो आणि माकडाने झाडावरून उडी मारली तर काय करतो. पेव्हर ब्लॉकवर तर चांगल्या चांगल्यांचे पाय सरकतात. ई-रिक्षा आल्यापासून धंद्याचं काय ते विचारू नका, तो वेगळा विषय.

हॅम्बुर्गची_माई

इथे मुलीमुळे आइसलँडी घोड्यांच्या नादी लागले. उंची तुमच्या तट्टाएवढीच, पण त्याला कोणी ‘पोनी’ म्हटलं की आइसलँडची माणसं नाराज होतात. त्या देशात बाहेरून घोडा आणता येत नाही आणि एकदा बाहेर गेलेला त्यांचाच घोडा परत येऊ शकत नाही. असा कडक नियम.

रवालीवरून आठवलं, या घोड्यांची ‘टोल्ट’ नावाची चाल आहे, तीही अशीच पाठ न हलवणारी. २०१२ साली तिचा संबंध एका जनुकाशी जोडला गेला, डीएमआरटी३. म्हणजे चाल काही नुसती शिकवलेली नसते, रक्तातही असते.

मला गंमत याची वाटते की हा घोडा बुटका, झिपरा, मातकट, वरातीत कोणी उभा करणार नाही असा. आणि लोक त्याच्यासाठी वेडे आहेत. तेव्हा रवालप्रेमी, शौक हवा हे मान्य, पण शौकाला देखणेपण लागतंच असं नाही. सवय लागते. माझी मुलगी आता मोठ्या घोड्यांना ‘लांबुळके’ म्हणते.

सोरठी_कान

माई, लांबुळके! पण आइसलँडकरांनी नियम केला, संघटना केल्या, पोरांना त्याच्यावर बसवलं. आपल्यापैकी किती जण भीमथडीवर बसलेत? भीमेकाठचे, तुम्ही बसलात?

भीमेकाठचा

नाही. विचारलं होतं. धनगर म्हणाला, तुम्ही बसलात तर पातेली कोण नेणार? आणि विकायची का विचारलं तर हसला नुसता.

रवालप्रेमी, तुमच्या मुद्द्यावर दोन दिवस घोडं पेंड खात होतं. एवढं मान्य करतो, तट्टू टिकलं ते माझ्यासारख्यांच्या प्रेमामुळे नाही, त्या वाड्याला गरज आहे म्हणून. उद्या त्यांनी टेम्पो केला तर मी इथे धागे काढत बसेन आणि घोडी जाईल. काही वाड्यांत टेम्पो आलेतच. पण मग तिला अकलूजच्या बाजारात आणून आयाळीला तेल लावायचं, इंच वाढवायचे, असं करून वाचलेली ती तीच राहील का? इथे माझी गाडी अडते.

रवालप्रेमी

अडू दे की. पण टेम्पो यायच्या आत कोणीतरी दहा-वीस चांगल्या घोड्या आणि दोन घोडे निवडून ठेवायला नकोत का? उंचीवर नको, ओढ्यात थांबते त्यावर निवडा. शौकीन लागेलच, तुम्ही व्हा.

कागदपत्रे

आणि नोंदवही ठेवा. शंभर वर्षांनी माझ्यासारखा कोणी कागद मागेल.

मोतद्दार

ते सगळं ठीक. शिंगराचा फोटो आहे का?

भीमेकाठचा

नाही काढला हो, हातात खुरपं होतं. वाडा पावसाच्या तोंडावर परत फिरेल तेव्हा काढतो. डॉक्टरबाई आहेत, तेव्हा आधी खुरांचा.