करवलीचा मेकअप: काजळ संध्याकाळपर्यंत टिकवायचं कसं?

करवली_इंदिरानगर

नमस्कार. मे महिन्यात ताईचं लग्न आहे, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. सकाळी हळद, संध्याकाळी गोरज मुहूर्त. नवरीला पार्लरवाली ठरली आहे, पण करवलीचा मेकअप माझा मीच करणार. शिकायची हौस आहे आणि अजून वेळही आहे हातात.

माझ्या पापण्या जड आहेत. डोळे उघडले की वरची कातडी घडीवर येते आणि लायनर लावलंय की नाही तेच कळत नाही. काजळ तर दोन तासांत डोळ्याखाली उतरतं, वॉटरप्रूफ असलं तरी. वर कॉन्टॅक्ट लेन्स. पैठणीचा काठ लाल आहे, म्हणून लाल लिपस्टिकच पापणीवर आयशॅडोसारखी लावायचा विचार आहे, रील्समध्ये सगळ्या लावतात. घरी करून बघायला सुरुवात कशापासून करू?

मेनरोडची_सखी

आधी एक मॅट तपकिरी आयशॅडो आणि एक मऊ गोल ब्रश घे, बाकी पसारा नंतर. चमकीची शेड जड पापणीच्या मध्यावरच लाव. घडीवर चमक लावलीस तर पापणी आणखी फुगीर दिसेल.

पंचवटी_पार्लरवाली

अगं, काजळाला बोल लावू नकोस. मी पंचवटीत पार्लर चालवते, नाशकातल्या मे महिन्यात नवऱ्या सजवते, आणि माझ्याकडे येणारी प्रत्येक दुसरी मुलगी हेच विचारते. पापणीच्या अगदी काठावर, केसांच्या आतल्या अंगाला, तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांचं तेल दिवसभर पाझरतं, डोळा ओलसर राहावा म्हणून ते लागतंच. वॉटरप्रूफ काजळ पाण्याला दाद देत नाही, पण तेल लागलं की सुटतं. तू ते त्या तेलाच्या तोंडावरच लावतेस, वर डोळ्याखाली क्रीम चोपडलेलं असतं. मग ते घसरणारच.

म्हणून डोळ्याच्या आतल्या ओल्या कडेला काजळ घालणं सोड. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी बाहेरून घाल. आरसा हनुवटीच्या खाली धर, नजर खाली आरशात, म्हणजे पापणी आपोआप ताणली जाते. बोटाने ओढायची नाही. पेन्सिलचं टोक दोन केसांच्या मधल्या फटीत टेकवायचं, उचलायचं, पुढच्या फटीत टेकवायचं. रेघ ओढायची नाही, टिंबं भरायची. मग चपट्या बारीक ब्रशवर काळं किंवा गडद तपकिरी आयशॅडो घेऊन त्याच टिंबांवर दाबायचं. ही कोरडी पूड काजळ धरून ठेवते. जड पापणीला एवढंच पुरतं, जाड लायनरची गरजच नसते. केस दाट दिसतात आणि पापणीची जागा वाचते.

डोळ्याखालचं क्रीम मेकअपच्या आधी पुरतं मुरू दे, उरलेलं टिश्यूने टिप, मग चिमूटभर ट्रान्सलुसंट, म्हणजे रंग न दिसणारी, पावडर. पापणीवर प्रायमर, म्हणजे मेकअप धरून ठेवणारा पहिला हात, नसेल तर कन्सीलरचा अगदी पातळ हात आणि त्यावर पावडर, चालतं.

आता घडीचं. तू डोळे मिटून शेड लावत असणार, सगळ्याच लावतात. समोर सरळ बघ, डोळे उघडे, भुवया न उचलता. आता जिथे घडी झाकली जाते त्याच्या किंचित वर तपकिरी शेडची खूण कर आणि तिथून वर-बाहेर विरवत ने. डोळे मिटल्यावर ते फार वर गेल्यासारखं वाटेल. वाटू दे, लोक तुला उघड्या डोळ्यांनीच बघणार आहेत. लायनरची शेपटीही डोळे उघडे ठेवूनच आखायची, नाहीतर घडीत मोडते.

आणि करून बघायचं म्हणजे पुरतं करून बघ. ट्यूबलाइटखाली मेकअप करून दोन सेल्फी काढले आणि धुऊन टाकलं, त्यातून काही कळत नाही. खिडकीच्या उजेडात सकाळी लाव आणि दिवसभर वागव. दुपारी उन्हात बाहेर पड, रविवार कारंजावरून एखादं काम करून ये. घरी आल्यावर मिरचीच्या फोडणीपाशी उभी राहा. हसू नकोस, खरंच सांगते. लग्नात करवली नवरीच्या मागे उभी असते, होमाचा धूर थेट तिच्या डोळ्यांत जातो, आणि पाठवणीला रडू येतं ते वेगळंच. दोन-तीन तासांनी आरशात बघ: कुठून सुटलं, आतल्या कोपऱ्यातून की बाहेरच्या? बाहेरून सुटत असेल तर खालच्या पापणीच्या बाहेरच्या एक-तृतीयांश भागात काहीच लावू नकोस. असं बघितल्याशिवाय कुठली पेन्सिल चांगली हे मी सांगूनही उपयोग नाही, तेलकटपणा प्रत्येकीचा वेगळा.

नवीन वस्तू थेट डोळ्याला लावायची नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला, त्याच जागी, रोज दोनदा, आठवडाभर. ॲलर्जी कधी कधी दोन-तीन दिवसांनी उठते, म्हणून एकदा लावून ‘काही झालं नाही’ म्हणायचं नाही. नकली पापण्या लावणार असशील तर त्याच्या गोंदाचंही असंच, त्यातलं लॅटेक्स काहींना चालत नाही. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तर नवीन काहीच नको.

लाल लिपस्टिक पापणीवर नको. ओठांना चालणारा प्रत्येक रंग डोळ्यांजवळ चालतो असं नसतं. अमेरिकेत डोळ्यांच्या भागासाठी परवानगी असलेल्या रंगांची यादीच वेगळी आहे आणि लिपस्टिकमधले कितीतरी लाल रंग त्यात नाहीत. शिवाय लिपस्टिक मेणकट, ती तुझ्या घडीत तासाभरात गोळा होईल. काठाचा लाल ओठांवर आण, डोळ्यांना तपकिरी आणि थोडा जुना सोनेरी. हस्तकलेच्या दुकानातली चमकी मात्र चुकूनही नाही. तिच्या कडा धारदार असतात, बुबुळावर ओरखडा पडतो.

आणखी एक, मेंदीच्या दिवशी घराघरात चालतं म्हणून सांगते. भुवया काळ्या करायला केसांचा कलप लावू नका, काळी मेंदीही नाही. कलपाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा: पापण्यांना, भुवयांना लावू नये, अंधत्व येऊ शकतं, असं छापलेलं असतं. त्यातलं पॅरा-फिनिलीनडायमीन हे रसायन डोळ्यात गेलं तर फार वाईट. भुवयांना पेन्सिल किंवा तपकिरी शेड पुरे.

आजोळ_निफाड

एवढं सगळं करण्यापेक्षा घरचं काजळ का नाही वापरत? आमच्याकडे अजूनही एरंडेलाची वात लावून वर तांब्याची ताटली धरतात, धरलेली काजळी साजूक तुपात खलतात, चिमूटभर कापूर. डोळे थंड राहतात. बाजारच्या काजळात काय घालतात कोणाला माहीत.

पंचवटी_पार्लरवाली

@आजोळ_निफाड, त्या काजळाचा वास मलाही फार प्रिय आहे, आणि बाळाच्या गालावर तीट लावायला ते असावंच. पण डोळ्यात नको, आणि करवलीला तर मुळीच नको. तूप म्हणजे पुन्हा स्निग्धच, ते सगळ्यात आधी पसरेल. त्यात टिकवायला काही नसतं, रोज बोट बुडतं, डबी महिनोन्‌महिने चालते. कापराने डोळ्याला गार वाटतं, पण ती चुरचुरच असते. बाजारच्या मालाबद्दलची शंका मात्र रास्त आहे. पारंपरिक सुरमा गॅलेना नावाच्या खनिजाचा, म्हणजे शिशाचाच. आपल्याकडे रंगासाठी शिसं किंवा आर्सेनिक वापरलेली सौंदर्यप्रसाधनं बनवायला कायद्याने बंदी आहे. म्हणून जत्रेतल्या बिनानावाच्या डब्या घेऊ नका. पाकिटावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असेल तेच घ्या.

चष्मा_ते_लेन्स

मी नंबर तपासायचं काम करते, म्हणून लेन्सबद्दल लिहिते. हात धुऊन लेन्स आधी घालायच्या, मेकअप नंतर. रात्री उलटं: आधी लेन्स काढायच्या, मग मेकअप. क्रीम लागलेल्या बोटांनी लेन्स धरली की तो तेलकट पडदा दिवसभर नजरेसमोर राहतो. पार्लरवाल्या ताई आतल्या कडेबद्दल जे म्हणाल्या ते लेन्सवालीने दुप्पट पाळावं. तिथलं काजळ ग्रंथींची तोंडं बुजवतं, डोळे कोरडे पडतात, रांजणवाडी होते, आणि काजळाचे कण लेन्सखाली जातात. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांनी टाकून द्यायचा, उरला असला तरी. डबीवर उघड्या बरणीचं चित्र असतं, त्यात ६एम लिहिलेलं असेल तर उघडल्यापासून सहा महिने. दुकानातला टेस्टर हाताच्या मागे लावून रंग बघा, डोळ्याला नाही. डोळा लाल असेल किंवा चिकट येत असेल तर लेन्स आणि मेकअप दोन्ही बंद आणि डॉक्टरांना दाखवायचं, लग्न असलं तरी.

करवली_इंदिरानगर

सगळ्यांचे खूप आभार. पार्लरवाल्या ताई, टिंबांची पद्धत आजच सकाळी करून बघितली. डावा डोळा जमला, उजव्याला हात थरथरतो. काजळ जेवणापर्यंत जागेवर होतं. दोनच विचारते. हळदीत डोळ्यांना काही लावू का? आणि वॉटरप्रूफ मस्कारा काढताना खूप चोळावं लागतं, त्यावर काय करू?

पंचवटी_पार्लरवाली

हळदीला फक्त मस्कारा आणि भुवया. हळद पापणीवर लागतेच, खाली शेड असेल तर चिखल होतो. हळद उतरवून संध्याकाळचा मेकअप कोऱ्या चेहऱ्यावर सुरू कर, निदान दीड तास हाताशी ठेव.

उजव्या डोळ्यासाठी कोपर टेबलावर टेकव आणि करंगळी गालावर. हात हवेत राहिला की थरथरतोच.

काढताना चोळायचं नाही. लेन्स आधी काढलेल्या असू देत. कापसाच्या चकतीवर तेल-पाणी दोन थर असलेला रिमूव्हर घे, नाहीतर खोबरेल तेल. मिटलेल्या डोळ्यावर चकती तीसेक सेकंद नुसती धरून ठेव, मग वरून खाली एकदाच पुस. उरलेलं सुटेपर्यंत पुन्हा धर. खोबरेल वापरलंस तर नंतर सौम्य फेसवॉश हवाच, नाहीतर तोच तेलकटपणा दुसऱ्या दिवशीचं काजळ खाली आणेल.

पुढची तालीम पैठणीचा ब्लाउज घालूनच कर, आणि दुपारी चारच्या उन्हात काढलेला फोटो इथे टाक. शेड किती वर न्यायची ते बघून सांगते.