मदत हवी आहे: तान्ह्या पोळ्याच्या नंदीची मान अडकते
मंडळी, तान्ह्या पोळ्यासाठी (विदर्भात पोरं लाकडी बैल ओढत मिरवतात तो सण) सागवानी नंदी करतोय, चाकं फिरली की मान डोलवणारा. मागच्या आसाला क्रँकसारखा बाक देऊन तिथून सायकलच्या स्पोकची तार मानेपर्यंत नेली. ओट्यावर झकास चालतं. गिट्टीच्या रस्त्यावर मात्र चाक घसरतं अन् मान अर्ध्यातच अडकते.

मित्र म्हणतो, फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी अन् वायपरची मोटर बसव, भानगड मिटली. तसं रशियन शिल्पकार नाऊम गाबोनं १९२० च्या सुमारास मोटरनं सळई थरथरवून शिल्प उभं केलंच होतं. पण माझा ओढा थिओ यान्सेनकडे. हा डच कलाकार १९९० पासून वायरिंगच्या पीव्हीसी नळ्यांचे 'प्राणी' करतो, ते समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याच्या जोरावर चालतात. हलती शिल्पं करणारा अमेरिकन अलेक्झांडर काल्डर तर मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलेला, म्हणून हे काम कलेचं की फिटरचं, हा वाद मला फिजूल वाटतो. पोरानं दोरी ओढली तरच मान हलावी, बटणानं हलली तर मजा काय?

तर, पकडीसाठी चाकाला सायकल ट्यूबचं रबर चढवू का? मानेच्या खुंटीला बेअरिंग बरं की पितळी बुश? यवतमाळ-वर्धेकडे कोणी केलं असेल तर फोटो टाका भाऊ, पोळा तोंडावर आलाय.